बर्फ न जमणारा फ्रिज

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, शिवणयंत्राला खेटून उभा आहे. फ्रिज स्वभावाने थंड असतो असं तुम्हाला वाटत असेल. छे! माझ्याइतका जळका अख्ख्या गिरणगावात सापडायचा नाही.

वैभव आणि दर्शनाच्या लग्नात मी इथे आलो. काय थाट होता माझा तेव्हा! वैभवच्या आईने, गंगुबाईंनी, मला हळदकुंकू लावलं होतं. शेजाऱ्यांच्या बाटल्याही माझ्याच पोटात असायच्या. पुढे माझ्यात बर्फ जमेनासा झाला आणि सगळ्यांची तोंडं फिरली. धाकटी सून नूपुर समोरच्या टॉवरात राहते. तिने डबल डोअर आणला. दारातूनच बर्फ देतो म्हणे मेला!

मग नूपुरला दिवस गेले. आमच्या दर्शनाला मात्र इतकी वर्षं मूल नाही. तिला साखरेचा आजार, त्यात थायरॉईड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आशा आहे, पण पोटात गर्भ ठेवायच्या आधी साखर ताब्यात हवी." तेव्हापासून माझ्या मधल्या कप्प्यात एक पांढरा डबा आला. त्यात तिचं इन्सुलिन आणि मूल होण्यासाठीची इंजेक्शनं. बिचारी स्वतःच पोटात सुई टोचून घ्यायची.

नूपुरच्या डोहाळजेवणात दर्शनाने हसतमुखाने ओटी भरली. घरी येऊन मात्र माझं दार उघडलं आणि आत तोंड खुपसून रडली.

"मला तिचा हेवा वाटतो रे," ती वैभवला म्हणाली. "वाईट आहे ना मी?"

"वाटू दे की. फक्त सुई चुकवू नकोस."

मला तर इतकं बरं वाटलं! घरात जळणारा मी एकटाच नव्हतो.

काही दिवसांनी नूपुरला बांगड्याचं तिखलं खायची इच्छा झाली. गंगुबाईंनी बांगडे आणले, माझं दार उघडलं आणि पांढरा डबा पाहून थबकल्या. "पोराचा औषध ता, माशाक शिवता नये," असं म्हणत त्यांनी डबा वर फ्रीजरमध्ये ठेवला आणि चक्क हात जोडले. मी ओरडणार कसा?

संध्याकाळी दर्शनाला डबा सापडला तो तिथे. तिने घाबरून हॉस्पिटलात फोन लावला. तिकडून सिस्टर म्हणाली, "गोठलं असेल तर सगळं फेकावं लागेल, मॅडम. हा महिना फुकट गेला समजा."

गंगुबाईंनी कपाळावर हात मारला. "माझ्याच हातान झाला गो बाय!"

दर्शनाने शेजारचा बर्फाचा ट्रे ओढला. पाणी थेट तिच्या पायांवर सांडलं.

"पाणीच आहे!" वैभव ओरडला. "अगं, याने जन्मात कधी बर्फ जमवलाय?"

डॉक्टरीणबाईंनी डबा तपासून चालेल म्हणून सांगितलं. त्या रात्री माझ्या दारावरून तिघांचेही हात फिरले. डबल डोअरला जमलं असतं का हे?

पण सुख कुठलं! त्या इंजेक्शनांच्या जोरावर हॉस्पिटलात दोन इवलेसे गर्भ तयार झाले, आणि ते गेले हॉस्पिटलच्या टाकीत गोठून राहायला. साखर उतरेपर्यंत थांबायचं होतं ना. मेहनत माझी आणि बाळं सांभाळणार ती टाकी! जळून खाक झालो मी. दर्शना मात्र भाकरी मोजून खायची, रोज परळपर्यंत चालून यायची. साखर उतरली. पहिला गर्भ काही रुजला नाही. आठवडाभर तिने अंथरूण सोडलं नाही. मग उठली आणि पुन्हा चालायला लागली.

परवा दुसरा गर्भ तिच्या पोटात ठेवला. हाच शेवटचा. हॉस्पिटलने त्याचा फोटो दिला, काळ्यावर एक पांढरा ठिपका. दर्शनाने तो चुंबकाने माझ्या दारावर लावला.

वैभव म्हणाला, "आता नवा फ्रिज घेऊया का?"

"हा कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "याच्या दारावर माझं बाळ आहे."

ऐकलंस का गं टाकी? तू रिकामी झालीस!

रुजला की नाही ते अजून कळायचंय. दर्शना जाता-येता त्या ठिपक्याला बोट लावते. मी मोटरची घरघर जमेल तितकी दाबून धरतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंना भंगार म्हणण्याआधी जरा थांबा. आणि आमच्या घरी आलात तर एवढंच करा, माझं दार हळू लावा.