निवलेला पाय

"आवाज का बंद झाला?" सेमेसाने उशीवरून मान उचलून विचारलं.

 त्याच्या डाव्या घोट्यामागे मी यंत्राची मूठ टेकवली होती तेव्हा रक्ताचा सूं सूं आवाज खोलीभर घुमत होता आणि पडद्यावर लाल पट्टा हलत होता. उजव्या पायावर आले आणि सगळं चिडीचूप. घोट्यामागे पाहिलं, पावलाच्या वरच्या बाजूने पाहिलं, गार जेल आणखी चोपडलं. पडदा काळा तो काळाच.

"तुमचं यंत्र झोपलं वाटतं," तो म्हणाला, "तुमच्या गावच्या माणसांसारखं."

सेमेसा बेंगा बेटावरचा. माझ्या माहेरच्या गावाचं आणि त्याच्या गावाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. भेटलं की एकमेकांची खोडी काढायची, आणि खोडीला उत्तर दिलं नाही तर तो अपमान. म्हणून मी म्हटलं, "यंत्र जागं आहे, मामा. तुमच्याच पायाला तुमच्यासारखी दुपारची झोप लागलीय."

तो खदखदून हसला. कोपऱ्यात बसलेली त्याची बायको लोसालिनी मात्र हसली नाही.

सुवा शहरातल्या या इस्पितळात मी एकोणीस वर्षं पायांतलं रक्त बघते आहे. नाव विलिमाइना, पण सगळे मला पायवालीच म्हणतात. साखरेच्या आजाराने आमच्याकडे इतके पाय जातात की मला माणसं चेहऱ्यांपेक्षा पावलांनीच जास्त लक्षात राहतात. माझ्या कामाचा नियम एकच. चित्र आपण काढायचं, बोलायचं डॉक्टरांनी. नियम सोयीचा आहे आणि त्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं सुखाने काढली.

सेमेसाच्या उजव्या तळव्याला भाजल्याची जखम होती. तीन आठवडे झाले तरी भरली नव्हती आणि कडेने काळी पडत चालली होती. मी चित्रं घेऊन बाहेर आले, तर लोसालिनीने मला नळापाशी गाठलं.

"पोरी, खरं सांग. माझ्या भांड्यामुळे झालं का हे?"

"कुठलं भांडं?"

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या सासरचे पुरुष तापलेल्या दगडांवरून चालतात. पूर्वजाला मिळालेलं वरदान आहे ते. चालण्याआधी दोन आठवडे नारळ वर्ज्य आणि बायको वर्ज्य. जो पाळतो त्याला भाजत नाही. ज्याला भाजलं त्याने पाळलं नाही, इतका सरळ न्याय.

"लोक माझ्या तोंडावर बोलतात गं. म्हणतात, पन्नाशी उलटली तरी हिला चौदा दिवस धीर धरवला नाही. देवाशपथ सांगते, आम्ही वेगळ्या घरात निजलो. पण चर्चच्या जेवणासाठी मी नारळाचं दूध काढलं होतं. भांडं दोनदा घासलं आणि त्यातच यांच्या जेवणाचा कसाव्याचा कंद उकडला. मोठे दीर आता माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. ते भांडं मी समुद्रात टाकून आले, तरी जखम भरेना."

मला संताप आला. कोणाचा, ते कळेना. नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून मी तिला हाताला धरून परत खोलीत आणलं आणि दोघांना स्पष्ट सांगितलं. साखरेने पायातल्या नसा मेल्या आहेत, म्हणून भाजलेलं कळलं नाही. रक्ताच्या वाटाही बुजल्या आहेत, म्हणून जखम भरत नाही. भांड्याचा यात काडीचा संबंध नाही.

लोसालिनी तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली. सेमेसा आपल्या पावलाकडे बघत होता.

"या नसा कधी मेल्या असतील?" त्याने विचारलं.

"एकदम नाही मरत, मामा. पाय बधिर कधीपासून आहेत?"

"दोन वर्षं झाली असतील." मग तो माझ्याकडे न बघता बोलत राहिला. "आधी मला दगड कळायचे. भाजायचे नाहीत, पण पायाखाली आहेत हे कळायचं. मग कळेनासेच झाले. मला वाटलं, पूर्वज आता माझ्या तळव्यातच उतरला. भावाला म्हटलं, मला सगळ्यांच्या पुढे राहू दे, मी सगळ्यांच्या शेवटी बाहेर येईन. तोही म्हणायचा, सेमेसासारखं आपल्या बापालाही जमलं नव्हतं."

तो थांबला. "म्हणजे मी मेलेल्या पायांवर मिरवत होतो."

 एकोणीस वर्षांत माझ्या चित्राने कोणाचं इतकं नेलं नव्हतं.

"हे बाहेर सांगू नकोस," तो म्हणाला. "उद्या भाऊ येतोय. मी म्हणेन, चोरून नारळ प्यालो, चुकलो. चुकणाऱ्याला माफी असते. आणि मी चुकलो असेन तर पूर्वज उतरला होता ती दोन वर्षं तरी खरी."

"आणि मी?" लोसालिनीने डोळे पुसले. "तुम्ही नारळ म्हणालात तरी लोक बायकोच धरणार. तुमची दोन वर्षं खरी राहतील, आणि मी मरेपर्यंत त्या गावात तोंड लपवून फिरू?"

सेमेसाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. दुपारी होडीने मोठा भाऊ अपेनिसा आला. दगडांवर चालणाऱ्यांचा म्होरक्या तोच. लोसालिनीने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने तो दिसलाच नाही असं केलं आणि खुर्ची ओढून बसला. ती ग्लास हातात घेऊन तशीच खिडकीशी उभी राहिली.

मी शेजारच्या खाटेपाशी फिरतं यंत्र घेऊन उभी होते. तिथे माझं काही काम नव्हतं, हे कबूल करते.

"काय खाल्लंस?" अपेनिसाने विचारलं.

 सेमेसाने बायकोकडे पाहिलं, तिच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं.  मग मला म्हणाला, "पोरी, यंत्र इकडे आण. आधी याचा पाय बघ."

अपेनिसाने कुरकुरत चप्पल काढली. मी मूठ टेकवली आणि सूं सूं आवाजाने वॉर्ड भरून गेला. पडद्यावर लाल पट्टा धावायला लागला.

"हे माझं?" तो चपापून म्हणाला.

"तुमचंच रक्त."

मग मी सेमेसाचा उजवा पाय घेतला. काहीच नाही. मूठ सरकवली, दाबली, पुन्हा सरकवली. आजूबाजूच्या खाटांवरची माणसंही बोलायची थांबली.

"मी काही खाल्लं नाही, दादा," सेमेसा म्हणाला. "हिनेही काही मोडलं नाही. माझा पाय दोन वर्षांपूर्वीच मेला. पूर्वज वगैरे कोणी उतरला नव्हता. मला कळत नव्हतं, एवढंच."

अपेनिसा पडद्याकडे बघत बसला. मग उठला, लोसालिनीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याने हात पुढे केला. "पाणी दे."

तिने ग्लास दिला. त्याने तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि मोठ्या माणसांपुढे वाजवतात तशा, ओंजळ करून, संथ टाळ्या वाजवल्या. सेमेसा छताकडे बघत होता. डोळ्यांतलं पाणी ओघळून त्याच्या कानांत जात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला शस्त्रक्रियेला नेलं. पायवालीचं काम संपलं होतं, तरी मी गेले आणि ढकलगाडीच्या पायथ्याशी उभी राहिले. लोसालिनी त्याच्या उशाशी होती.

मला बघून त्याचे डोळे बारीक झाले. "काय गं, सांग तुमच्या गावाला. बेंगाचा माणूस आता एका पायाने तापले दगड तुडवणार. तुम्हाला तर दोन पायांनीही जमलं नाही."

खोडीला उत्तर द्यायचं असतं. मी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा मला एकही शब्द सुचला नाही. तो वाट बघत राहिला. चादरीखाली मी त्याचं उजवं पाऊल घट्ट धरलं होतं, आणि ते त्याला कळत नव्हतं.