न बसवलेला खांब

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. आता मला शीडही नाही आणि डोलकाठीही नाही. त्यामुळे धक्क्यावर नव्याने येणारी माणसे मला तरंगती खोली समजतात. त्यांचे काही फार चुकत नाही.

होड्या बांधणाऱ्या एका सुताराने मला स्वतःच्या मुलासाठी बांधले. फळ्यांच्या सांध्यांत त्याने कापूस ठासून भरला, वर राळ ओतली. माझ्या पोटातली केबिन मात्र त्याने मुद्दाम ठेंगणी ठेवली. "होडीत माणूस झोपायला जातो, नाचायला नाही," असे तो म्हणे. होडी जितकी बसकी तितकी वाऱ्यात स्थिर, हे त्याला ठाऊक होते. माझी डोलकाठी केबिनच्या छपरावर उभी होती आणि तिचा सारा भार छपराखालची एक जाड तुळई पेलत होती.

तो मुलगा पुढे मालवाहू जहाजावर खलाशी झाला. तोच माझा मालक. सुट्टीवर आला की पिशवी खाली ठेवण्याआधी माझे दोर सोडायचा. आम्ही दोघे वारा पिऊन परत येत असू. "एवढीशी आहे, पण पाण्यावर पाखरू आहे पाखरू!" असे लोक म्हणत, आणि त्याची छाती फुगे.

मालक अंगाने बुटका. बायको मिळाली ती ताडासारखी उंच. धक्क्यावरचे लोक तिला चेष्टेने डोलकाठीच म्हणत. ते भाड्याने राहत होते ती इमारत पाडायला काढली, तेव्हा दोघे चार दिवसांसाठी म्हणून माझ्यात राहायला आले. चार दिवसांची वर्षे झाली.

ती धुलाईखान्यात दिवसभर इस्त्री करायची. तिथून दमून यायची आणि माझ्या दारात वाकायची, ती सकाळी बाहेर पडेपर्यंत वाकलेलीच. वाकून स्वयंपाक, वाकून केस विंचरणे. विसरून ताठ झाली की डोके तुळईवर आपटे. मालक हसे. "अगं, होडीत वाकूनच राहायचं असतं."

एक दिवस धुलाईखान्यात तिच्या हातातून गरम इस्त्री निसटली. बोटांना मुंग्या आलेल्या, पकडच नव्हती. डॉक्टरांनी बजावले, "मानेवरचा ताण थांबवा, नाहीतर हात कायमचा जाईल."

"अहो, छप्पर तेवढं उंच करून घेऊ या," ती मालकाला म्हणाली.

"बाबांनी बांधलेल्या होडीला मी करवत लावू? जरा थांब. खोली बघतो."

खोली काही त्याने बघितली नाही. सुट्टी संपली आणि तो जहाजावर निघून गेला.

मग तिने आपल्या धाकट्या भावाला बोलावले. तोही सुतारच. हत्यारांची पेटी खाली ठेवत त्याने विचारले, "ताई, भाऊजींना विचारलंस ना?"

"विचारून विचारूनच मान मोडली माझी. तू करवत काढ."

आधी त्यांनी डोलकाठी उतरवून धक्क्यावर ठेवली. मग केबिनच्या भिंती चारही बाजूंनी आडव्या कापल्या. मित्रांनो, तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मोटारी उचलायचे जॅक लावून त्यांनी माझे छप्पर हळूहळू वर घेतले आणि मधल्या फटीत नव्या फळ्या बसवल्या. भाऊ तुळईखाली उभा राहून बराच वेळ वर बघत होता.

"ताई, भिंतींना आता जोड आलाय. डोलकाठी परत उभी करायची तर इथं मधोमध खांब लागेल, थेट तळापर्यंत."

"इथं? ही तर माझी उभं राहायची जागा. मग काय, खांबच उभा राहील आणि मी परत बसेन!"

"बरं, नाही लावत. पण खांबाशिवाय डोलकाठी चढवायची नाही. भाऊजींना नीट सांग."

"सांगते रे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने ताठ उभे राहून केस विंचरले. हात वर करून छपराला तळवा लावला, हसली, आणि मग तोंडात पदर कोंबून रडली. पुढे हातातली पकडही थोडी परतली.

मालक आला तेव्हा धक्क्यावर ताडपत्रीखाली डोलकाठी आडवी पडलेली दिसली.

"माझी होडी कुठंय?"

"ही काय."

"ही? हे खोकं आहे खोकं!"

त्यानंतर दोघांत अबोला. तो विचारेल तेव्हा खांबाचे सांगू, असे तिच्या मनात. ती चुकले म्हणेल तेव्हा बोलू, असे त्याच्या मनात. माझ्यासारख्या छोट्या जागेत दोन माणसांनी न बोलता राहायचे म्हणजे श्वासांचेही आवाज मोठे होतात.

एका सकाळी ती कामावर गेली आणि त्याने धक्क्यावरच्या हमालांना हाताशी धरून डोलकाठी माझ्या छपरावर उभी केली. शीड चढवले, दोर सोडले. तुळई पहिल्यापासूनच कण्हत होती. मीही कुरकुरले, पण जुन्या होडीच्या कुरकुरण्याकडे कोण लक्ष देतो? उघड्या पाण्यावर वाऱ्याचा पहिला मोठा झोत आला. भिंतींचे जोड उकलले, छप्पर आत बसले आणि डोलकाठी मालकाच्या कमरेवर कोसळली.

मासेमारीच्या लाँचने आम्हाला ओढत परत आणले. निरोप मिळताच ती धुलाईखान्यातून धावत आली. त्याला स्ट्रेचरवर घेत होते.

"अहो, खांब लावल्याशिवाय चढवायची नव्हती ती!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

 

भावाने छप्पर पुन्हा बसवले. या वेळी कुणाला न विचारता त्याने मधोमध खांबही ठोकला. आता त्याला पेलायला डोलकाठीच उरलेली नाही. मालक कमरेखाली कायमचा लुळा झाला आहे. तो झोपायच्या फळीवर पडून असतो. तिच्या डोक्यावर आता हातभर मोकळी जागा आहे, पण उभे राहून बोलले की त्याला मान वर करावी लागते, म्हणून कामावरून आली की ती जमिनीवर त्याच्या डोक्याशी बसते. तिथे बसून भाजी निवडते, तिथेच जेवते.

मित्रांनो, माझ्या तळाची एक फळी आता कुजू लागली आहे. पाणी थेंबाथेंबाने आत येते. ते दोघे झोपलेले असतात आणि मला हाक मारता येत नाही. तुम्हाला तोंड आहे. घरात कुणी वाकून चालत असेल तर विचारा, आणि तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट अबोल्यात ठेवू नका. वेळेवर बोला.