बारा नंबर कुणाचा?

डोरीन स्ट्रॉसरच्या घरातला एक वाद तिच्या लग्नाइतकाच जुना होता. तिचा नवरा डेल आणि तिचा धाकटा भाऊ व्हर्न, दोघेही मिलर्सफोर्कच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे क्वार्टरबॅक होऊन गेलेले, म्हणजे दर डावात बॉल आधी हातात घेऊन तो पुढे फेकणारे नाहीतर दुसऱ्याच्या हातात देणारे. आधी डेल, त्याच्या पाठोपाठ व्हर्न. दोघांच्या पाठीवरचा नंबरही एकच, बारा. डेलच्या काळात संघ हरायचं विसरला होता. शाळेच्या दारातल्या काचेच्या कपाटातले बहुतेक चषक त्याच वर्षांतले. व्हर्नच्या काळात संघ जिंकायचं विसरला. पण बॉल फेकण्याचे शाळेचे जे जे म्हणून विक्रम होते ते सगळे व्हर्नच्या नावावर जमा, आणि इतक्या वर्षांत त्यातला एकही कुणाला मोडता आला नव्हता.

मग दोघांत चांगला कोण? डेलचं म्हणणं असं, की क्वार्टरबॅकचं काम सामना जिंकायचं. बाकीचे आकडे म्हणजे हरलेल्यांची करमणूक. यावर व्हर्न कुबाला भावांना मध्ये आणायचा. हे चौघं सख्खे भाऊ, एकेक दाराएवढा, समोरच्या संघाला अडवत डेलच्या पुढे भिंतीसारखे उभे असायचे. डेल शाळेतून बाहेर पडला तेव्हा धाकटा कुबालाही बाहेर पडला, आणि व्हर्नच्या पुढे उरली ती सडपातळ, सुस्वभावी मुलं. व्हर्न टपालखात्यात होता. कुबालांच्या मागे टपालपेटी उभी केली असती तरी संघ जिंकला असता, असं तो म्हणायचा. वर म्हणायचा, की टपालपेटीने निदान बॉल तरी पाडला नसता.

हे असंच जन्मभर चाललं असतं. पण शाळेने नवी जिम बांधली आणि तिच्या भिंतीवर एक जर्सी कायमची लावायचं ठरवलं. नंबर बारा. खाली नाव एकाचंच. डोरीनने शाळेच्या कचेरीत उभी हयात घालवलेली, तेव्हा समितीत ती आलीच. पहिल्याच बैठकीत अर्धी समिती डेलच्या बाजूने बोलली, अर्धी व्हर्नच्या, आणि मग सगळे मोठ्या अदबीने तिच्याकडे बघायला लागले. तिने नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण होईपर्यंत मुदत मागून घेतली.

बातमी घरी तिच्याआधी पोचली. डेल त्या रात्री न सांगता भांडी घासायला उभा राहिला. शनिवारी व्हर्न शिडी घेऊन आला आणि तिच्या छपराच्या पन्हाळीतला पाचोळा काढून गेला. पुढच्या आठवड्यात डेलने पडदे धुतले, ते आखडले. आपण लवकर काही केलं नाही तर हे दोघं मिळून घर पाडतील, हे डोरीनने ओळखलं.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी शाळेच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा सामना व्हायचा, बॉल घेऊन पळणाऱ्याला नुसता हात लावून थांबवायचं, पाडापाडी करायची नाही. दर वर्षी डेल कुबालांना घेऊन खेळायचा आणि व्हर्न उरलेल्यांना घेऊन हरायचा.

"या वर्षी माणसं बदला," डोरीनने दोघांना समोर बसवून सांगितलं. "कुबाला व्हर्नकडे. डेल, तुला व्हर्नची माणसं."

"चालेल की," डेल म्हणाला. "जिंकणारा कुठेही जिंकतो."

"माणसं बघितलीस का आधी?" व्हर्नने विचारलं.

डेलने ती मैदानावर बघितली. एक दाताचा डॉक्टर, त्याचा गुडघा पट्ट्यात बांधलेला. चर्चमध्ये गाणं शिकवणारे फेल्प्स. आणि खुद्द पाद्रीबुवा, ज्यांची सवय अशी की कुणाला धक्का लागला की थांबून त्याची माफी मागायची. बाकीचे याच मासल्याचे. समोर कुबाला, साठी ओलांडलेले, एकाच्या कमरेत नवा सांधा, पण रुंदी तशीच. हात लावून थांबवायचं हा नियम त्यांनाही मान्य होता. फक्त त्यांचा हात लागला की माणूस आडवा व्हायचा.

डेलने सुरुवातीला आपलं नेहमीचं केलं. बॉल घेतला, फेल्प्सच्या हातात दिला आणि मागे सरून बघत राहिला. फेल्प्स थोडे पळाले आणि कुबालांखाली दिसेनासे झाले. पुन्हा दिला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बॉल घ्यायलाच नकार दिला. मग डेलपुढे फेकण्यावाचून इलाज उरला नाही, आणि फेकायला उभं राहिलं की पाद्रीबुवांच्या खांद्यावरून कुबाला येताना दिसायचा. डेल पडला. उठला, फेकलं, पडला. पण पडता पडता त्याने असे काही बॉल फेकले की बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. एक दाताच्या डॉक्टरच्या थेट छातीवर जाऊन बसला. तेव्हा डॉक्टर टचडाऊनच्या, म्हणजे गुण मिळायच्या, रेषेपलीकडे उभा होता, आणि हे त्याला इतरांनी सांगावं लागलं.

इकडे व्हर्नला काही कामच नव्हतं. बॉल घ्यायचा, एका कुबालाच्या हातात द्यायचा, बाकीचे तिघं बस निघाल्यासारखे पुढे निघायचे आणि त्याने मागून चालत जायचं. फेकायची पाळी फारशी आलीच नाही. सामना त्याने जिंकला. जिंकल्यावर हातांचं काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने ते खिशात घातले. कुबालांनी त्याला खांद्यावर उचललं. मग एकाला आपला सांधा आठवला आणि त्यांनी त्याला जपून खाली ठेवलं.

घरी येताना गाडी डोरीनने चालवली. डेल शेजारी बसला होता, चिखलाने माखलेला.

"तो हे असं दर सामन्यात सोसायचा का गं?"

"दर शुक्रवारी. आई डोळे झाकून बसायची."

"मी तेव्हा कॉलेजात होतो. पेपरात नुसता निकाल वाचायचो आणि हसायचो." त्याने कपाळावरचा चिखल पुसला. "तू मत व्हर्नला दे."

आपला नवरा मोठ्या मनाचा आहे हे डोरीनला त्या क्षणी पटलं. जेवायच्या टेबलापर्यंत ते टिकलं. टर्की कापून व्हायच्या आतच डेलने विषय काढला, की आज आपण किती टचडाऊन फेकले ते कुणी मोजले का. असली माणसं घेऊन एवढे फेकणं म्हणजे चेष्टा नाही. आणि सामना तर अकरा जणांचा असतो, त्यात एकटा क्वार्टरबॅक काय करणार? व्हर्नने बटाट्यावर रस्सा ओतला आणि शांतपणे म्हणाला, की ते सगळं ठीक आहे, पण जिंकलं कोण? एकाने दुसऱ्याचं जन्मभराचं बोलणं उचललं होतं, अगदी शब्दाला शब्द, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. डोरीनला हसू आवरेना, म्हणून ती गोड आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली.

मागोमाग ताटल्या घेऊन व्हर्न आला. दार लोटून घेतलं.

"मत डेलला दे," तो म्हणाला.

डोरीनचं हसू थांबलं. "आता तुला काय झालं?"

"मला वाटायचं, कुबाला पुढे असले की झालं. पण आज शेवटी शेवटी मला बॉल हातात घ्यायची भीती वाटायला लागली. आमच्या वेळी माझ्या चुका कोण मोजायचं? हरायचंच होतं. आज बॉल निसटला असता तर चौघं भाऊ वळून माझ्याकडे बघत राहिले असते. डेलने ते ओझं दर आठवड्याला पेललं, आणि कधी बोलला नाही."

म्हणजे आधी तिला दोघांपैकी एकाला नाराज करायचं होतं. आता दोघांपैकी एकाचं ऐकायचं नव्हतं, आणि हे जास्त कठीण होतं.

तिने शेवटी स्वतःचंच ऐकलं. व्हर्नच्या वर्षांत अर्ध्या सामन्यानंतर बाक रिकामे व्हायचे, आणि ती व आई थंडीत बसून राहायच्या. समोर व्हर्न, हरलेल्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, अजूनही जिंकता येईल अशा थाटात बॉल फेकत असायचा. तिला ते आठवत होतं. डेलचे चषक कपाटात होतेच. बैठकीत तिने भावाचं नाव सांगितलं आणि पर्स उचलली.

व्हर्न आठवडाभर रुसला. तिचं टपाल पेटीत न टाकता पायरीवर टाकून जायचा. पण जर्सी लावायच्या दिवशी कोट घालून आला, आणि त्याच्या वेळची ती सडपातळ मुलं, आता पोटं सुटलेली, लांबलांबून आली. वर कापडाखालून बारा नंबर उघडला. व्हर्नने नुसता माइक हातात धरला आणि परत दिला.

डेल तिसऱ्या रांगेत होता. शेजारी कुणी पाहुणा बसला होता, गावाबाहेरचा. डेल त्याला व्हर्नचे आकडे सांगत होता: किती फेकले, किती लांब, किती टचडाऊन. डोरीनने कान दिला. शाळेच्या कचेरीत तिने ते आकडे स्वतः टंकले होते, तेव्हा डेल त्यात बरीच भर घालतोय हे तिला कळलं. तिने दुरुस्त केलं नाही.