ओस्लाच्या गोट्यावरचे तीन ठिपके

स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंडमधल्या आमच्या बेटावर माणसं चौतीस. त्या दुपारी बॅबीच्या एका खोलीत मी एकोणतीस मोजली. खाटेवर तिची सहा वर्षांची ओस्ला धापा टाकत होती.

चुलीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली जळाऊ माती, धुमसत होती. बेटावर भविष्य सांगणाऱ्या निनियनबुवाने कालपासून धुरात टांगलेला गोटा उतरवला. "या पोरीच्या मुठीतून गेलेला गोटा! हे पिक्ट पूर्वजांनो, बोला!" त्याने फडकं फिरवलं. काजळी निघाली; पांढऱ्या दगडावर तीन तपकिरी ठिपके आणि एक नागमोडी रेघ उरली.

कुणीतरी हुंदका दिला.

"तीनच दिवस उरले," बुवा पुटपुटला. "आणि ही लाट. पोरीला घेऊन निघेल ती होडी बुडेल. माझा अंगारा द्या."

सगळे माझ्याकडे वळले. होडी माझी, डॉक्टर दोन तासांवर, पलीकडच्या बेटावर.

"लॉरीदादा, नेतोस ना रे?" बॅबीने विचारलं.

"वारा जरा... बघू," मी म्हणालो. वारा नव्हताच. मी गोट्यावरच्या त्या लाटेकडे बघत होतो.

तेवढ्यात शाळेच्या गिर्झीबाई शिरल्या. हात नेहमीसारखे काळे. फार पूर्वी इथे राहणाऱ्या पिक्ट लोकांसारखे गोटे रंगवायचा त्यांना हिवाळाभर नाद लागलेला: पीटच्या धुराचं डांबर चुलीच्या झाकणावरून खरवडायचं, पिसाने लावायचं, शेकायचं. आम्ही चिडवायचो, "बाई, चहात तरी डांबर घालू नका!"

"बुवा, मुलीच्या हातात येण्याआधी हा गोटा कुठे होता?"

"माझ्या पवित्र खिशात."

"म्हणूनच मेंढीच्या चरबीचा वास येतोय." बाईंनी एप्रनच्या खिशातून एक काळा गोटा काढला. "बॅबी, तूच पूस."

बॅबीने पुसला. ठिपके नाहीत, लाट नाही. चक्क एक मेंढी!

"ही कुणाचं मरण सांगते?" बाईंनी विचारलं. "मागे लोणी लावलेली भाकरी खाऊन मी गोटा उचलला, धुरात टांगला. पुसला तर बोटं लागलेली तेवढी जागा पांढरी. चरबीवर डांबर धरत नाही. परवा मॅग्नीच्या आजारी गाईसाठी बुवांनी काढलेल्या गोट्यावर असेच ठिपके पाहिले, तेव्हाच ओळखलं. आधी सगळा गोटा चरबीने माखायचा, मग काडीने चरबी खरवडून हवे तेवढे ठिपके मोकळे करायचे; डांबर तिथेच धरतं. किती दिवस हवेत, बोला!"

बुवा दाराकडे सरकला. मॅग्नी आडवा आला. "थांबा महाराज, खिसा दाखवा." चरबीची डबी निघाली.

मी ओस्लाला उचललं. खरं सांगतो, वाटेतल्या प्रत्येक लाटेला मी दचकलो. ठिपके डोळ्यांपुढून हलेनात. पण पोहोचलो. डॉक्टर म्हणाला, "उद्या आणली असती तर उशीर झाला असता."

ओस्ला आता शाळेत जाते. तुम्हालाही कुणी असा गोटा दाखवेल. भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली. होडी मात्र पाण्यात लोटा, आणि एवढंच विचारा: हातात येण्याआधी हा कुणाच्या खिशात होता?