झऱ्यापाशी थांबणारी गाडी

पितरांच्या शनिवारी सकाळी मी अंगणात अक्रोडाखाली गाडीचं बॉनेट उघडून उभी होते आणि आमचे धाकटे दीर, ओब्राद भावजी, खुर्चीत बसून मजा बघत होते. त्यांचे गुडघे गेलेले. म्हणून हात माझे आणि तोंड त्यांचं, अशी कामाची वाटणी झाली होती.

गाडी चढाला धापा टाकायची. आज ती वरच्या गावी, माझ्या नवऱ्याच्या, वुकाशिनच्या कबरीपर्यंत नीट चढली तर राहणार. नाहीतर सोमवारी आमचा मुलगा स्त्राहिन्या ऑस्ट्रियाहून येऊन तिला भंगारात घालणार. फोनवर तसं सांगूनच टाकलं होतं त्याने. त्याचंही चूक नाही म्हणा. आई घाटात एकटी अडकली तर तिकडे त्याचा जीव टांगणीला. पण वुकाशिनचे कपडे मी वाटून टाकले होते, मधाच्या पेट्या विकल्या होत्या. ही गाडी गेली, की त्याच्या शेजारी बसावं अशी एकही जागा मला उरत नव्हती.

भावजींनी आधी बॅटरीची वजा तार काढायला लावली. मग फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडे जाणारा जाड पाइप दाखवला. त्यावर एक काळा तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला होता. हाच तो सेन्सर. आत किती हवा जाते ते हा मोजतो आणि त्या मापाने डिझेल सुटतं. ह्याने खोटं माप दिलं की गाडीचा दम गेलाच.

सेन्सरला जोडलेल्या तारांच्या प्लगची क्लिप काही केल्या दबेना. भावजी म्हणाले, देसांका वहिनी, तारा ओढू नका, नखाने दाबा. इतकं सोपं असेल तर स्वतः या ना, असं मी सुनावलं, तेवढ्यात ती सुटली. सेन्सर बाहेर काढून बघते तर आतल्या केसाएवढ्या तारेवर पिवळा चिकट थर. मला ओळखायला वेळ लागला नाही. आमच्याकडे घरच्या राकियाने, म्हणजे घरी गाळलेल्या फळांच्या दारूने, काय होत नाही? पोराला ताप आला की तिच्यात भिजवलेले पायमोजे, दाढ दुखली की तिचीच चूळ, चष्मा पुसायचा तोही तिनेच. आमच्या शहाण्या वुकाशिनने दर वसंतात सेन्सरही तिनेच धुतला होता. आणि तीसुद्धा मध घातलेली!

तोवर भावजींनी खिशातून राकियाची चपटी बाटली काढली होती. नवा तुकडा आहे, लावण्याआधी जरा धुऊन घेऊ, म्हणाले.

"भावजी, बाटली खिशात ठेवा."

मग त्यांनी नव्या सेन्सरचा खोका दिला. त्याचा रंग पार उडाला होता. कधी घेतलात म्हणून विचारलं तर कपाटात पडला होता म्हणाले, आणि अक्रोडाकडे बघत बसले. सेन्सरवरचा बाण इंजिनाकडे करून मी तो बसवला, स्क्रू आवळले, प्लग लावला, बॅटरीची तार जोडली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.

कबरीवर ठेवायच्या शिजवलेल्या गव्हाचं भांडं भावजींच्या मांडीवर, मेणबत्त्या मागे, असे निघालो. घाट लागला. गाडी इतकी सहज चढत होती की मला रडू यायला लागलं. पूर्वी झऱ्याच्या वळणावर ती हटकून गचके खायची. मग बंद करून ठेवायची, पुन्हा चालू केली की यायची ताळ्यावर. तेवढ्या वेळात मी आणि वुकाशिन दगडावर बसून पाणी प्यायचो. गाडी कायम मीच चालवायची, आणि मला सदा पोचायची घाई.

"खोका खरंच कपाटात होता का?" मी विचारलं.

भावजींनी भांडं घट्ट धरलं. "दादा असतानाच आणला होता मी. त्याने परत केला. म्हणाला, हा बसवला तर देसांका झऱ्यापाशी थांबायची नाही."

मला असा राग आला. तोंडाने सांगता येत नव्हतं ह्या माणसाला? सांगितलं असतं तर थांबले नसते का मी? पुढची दोन वळणं मी स्वतःशीच भांडत राहिले. नसते थांबले. आधी पोचू, मग बस हवा तेवढा, असंच म्हणाले असते.

झऱ्याचं वळण आलं. गाडीने एक गचका खाल्ला नाही. तशीच वर निघाली होती, मी ब्रेक दाबला.

भावजी म्हणाले, "वहिनी, चालतेय की ती."

"माहीत आहे मला. उतरा."

मी ओंजळीने पाणी प्याले आणि दगडावर जाऊन बसले, वुकाशिनची बाजू मोकळी सोडून. भावजी गव्हाचं भांडं घेऊन उभेच राहिले. गुडघे दुखत असतील, पण बसले नाहीत.