रक्ताची तारीख

सासऱ्यांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. त्या काळात त्यांच्या टेबलावरून गेलेली एकही फाईल त्रुटी निघून परत आली नाही, असं ते सांगत आणि त्यावर वाद घालायला जुन्यांपैकी कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे सुनेच्या गरोदरपणातल्या तपासणीचा अर्ज घरात आला तेव्हा पेन त्यांनीच उचललं.

"तुम्ही खाडाखोड कराल," ते म्हणाले. मुलगा आणि सून गप्प बसले. त्यांच्या घरात हाच होकार.

रक्त अकराव्या आठवड्यात दिलं होतं, सोनोग्राफी नऊ दिवसांनी झाली. धोक्याचं गणित मात्र अर्ज प्रयोगशाळेत पोचल्यावरच मांडतात. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की बाळाला पोसणारी वार नीट रुजतेय का, ते रक्तातल्या दोन प्रथिनांवरून कळतं. ती कमी असली तर पुढे रक्तदाब चढण्याची, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाची भीती जास्त. सुनेला त्याची वेगळी ओळख करून द्यायची गरज नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीला सातव्या महिन्यात तोच झाला होता. बाळ दीड महिना काचेच्या पेटीत होतं आणि बहीण तीन दिवस कुणाला ओळखत नव्हती.

अहवाल आला. साठात एक. शंभरात एकच्या वर गेलं की धोका जास्त धरतात.

"साठात एक म्हणजे एकोणसाठ आपल्या बाजूला," सासरे म्हणाले.

"बाबा, ही निवडणूक नाही," सून म्हणाली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांशी बंद दाराआडून बोलायची त्याला सवय होती. "अडकलंय म्हणजे पडलेलं नाही," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पाणी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी तिघंही दवाखान्यात. सासऱ्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण कागद त्यांच्याकडे होते आणि ते कागद सोडत नसत. डॉक्टरीणबाई हा धोका कमी करणाऱ्या ॲस्पिरिनची चिठ्ठी लिहायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"रक्त आणि सोनोग्राफी एकाच दिवशी झाली?"

"नाही हो," सून म्हणाली. "रक्त मंगळवारी. सोनोग्राफी त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी."

"इथे दोन्हीला एकच तारीख आहे, गुरुवारची."

दोन माना सासऱ्यांकडे वळल्या. तिसरी, नवऱ्याची, खाली गेली.

"मीच केलं ते," सासरे म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान होता. "मूळ पत्राची आणि जोडपत्राची तारीख वेगळी असली की फाईल परत येते."

"आजोबा, ही प्रथिनं आठवड्यागणिक वाढतात. तुम्ही रक्त नऊ दिवसांनी थोरलं केलंत. सहावीच्या मुलीला आठवीचा पेपर दिलात. कमी गुण पडणारच."

डॉक्टरीणबाईंनी प्रयोगशाळेला फोन लावला. गणित पुन्हा मांडायला चाळीस मिनिटं लागणार होती. तिघं बाहेरच्या बाकावर बसले. सुनेने हात पोटावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. सासऱ्यांनी फाईल उघडली नाही. भिंतीवरच्या पोस्टरमधल्या हसऱ्या बाळाकडे तिघांनीही एकमेकांना न सांगता पाठ फिरवली.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टरीणबाई चष्मा डोक्यावर सारून बसल्या होत्या.

"दोनशे साठात एक."

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे गोळी नको. बीपी दर भेटीत मोजायचं, पाय सुजले किंवा डोकं ठणकलं तर लगेच यायचं. बहिणीचा इतिहास आहे, तो कुठे जात नाही. शून्य कुणाचंच नसतं. पण आज घरी जाऊन झोपा."

बाहेर आल्यावर सासरे जिन्याशी थांबले.

"मी लेखी खुलासा..."

"बाबा, तोंडी चालेल," सून म्हणाली.

त्यांनी घसा साफ केला. चौतीस वर्षांत हा शब्द त्यांनी बहुधा इतरांच्या फाईलवरच लिहिला होता. "चूक," ते म्हणाले. मग विचार करून पुढे जोडलं, "माझी."

"सगळ्यात चांगली चूक केलीत," ती म्हणाली. "ते साठात एक खरं निघालं असतं तर?"

मग ती घाईने स्वच्छतागृहाकडे गेली, कारण तासभर तिने सगळंच रोखून धरलं होतं. नळ सोडून दोन मिनिटं मनसोक्त रडली, तोंड धुतलं, बाहेर आली आणि म्हणाली, "मला भूक लागलीय. कालपासून लागलीय."

नवरा आधीच जिना उतरत होता.