पाणकणसाला लावायची काडी

संध्याकाळ झाली की मारोतराव ठवकरांच्या घरात टाळ्या सुरू व्हायच्या. भजनाच्या नव्हेत, डास मारण्याच्या. चहा घ्यावा तर डावा हात पोटरीवर, पेपर उघडावा तर उजवा हात कानावर. सदर भागातल्या कचेरीत दिवसभर फायलींशी झगडून आलेल्या माणसाने घरी तरी निवांत बसावं, तर तीही सोय उरली नव्हती.

"सिंधू, धूप लाव वं. कडुनिंबाचा पाला टाक त्यात."

"कधीचाच लावला," त्यांच्या पत्नी सिंधूताई स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "मच्छर मजेत हायेत. माह्याच डोळ्याले धार लागली."

गोष्ट एकोणऐंशी सालची. प्रताप नगरात तेव्हा नवी नवी घरं उठत होती. ठवकरांच्या ओळीमागे एक खोलगट तळं होतं. त्यात माणूसभर उंच पाणकणीस आणि काठाने लव्हाळी माजलेली. तळ्याला लागून जी मोकळी जागा होती, तिथे दर कार्तिकात वस्तीतर्फे कीर्तनाचा सप्ताह व्हायचा. मारोतराव त्याचे चिटणीस. कीर्तन म्हटलं की हा माणूस जेवण विसरायचा. मृदंगावर पहिली थाप पडली की त्यांचे डोळे आपोआप भरून यायचे.

पण गेल्या कार्तिकात ते वेगळ्याच कारणाने भरून आले. बुवा उत्तररंगात शिरले, कथा ऐन रंगात आली, आणि बायामाणसं पदर झटकत, मुलं खाजवत एकेक करून उठू लागली. आरतीला समोर उरले पेटीवाले, मृदंगवाले आणि मारोतराव. बुवा काही रागावले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "मारोतराव, पुढच्या वर्षीही श्रोते असेच उठणार असतील, तर नंतर मला बोलावू नका. रिकाम्या सतरंजीपुढे देवाची कथा सांगवत नाही हो."

ते वाक्य मारोतरावांच्या छातीत रुतून बसलं होतं. आता सप्ताह तोंडावर आला होता आणि डास होते तसेच होते.

सप्ताह कमिटीचे अध्यक्ष भैय्याजी यांच्याकडे एकच उपाय होता. "जलाव! सगळ्याचं मूळ त्या तळ्यात हाय."

"मागच्या साली जाळलं, त्याच्या आधीच्या साली जाळलं. मच्छर तर वाढूनच राहिले, भैय्याजी."

"अर्धं राहून गेलं होतं म्हणून. यंदा एक काडी बी नाही ठेवायची."

मारोतरावांना पटलं. वैतागलेल्या माणसाला जाळायचं असलं की लवकर पटतं. रविवारचा दिवस ठरला. काठाची लव्हाळी कापून वाळत घातली गेली. ती पेटली की आतलं पाणकणीस धरणार होतं.

सप्ताहासाठी काटोलकडून मारोतरावांच्या आत्या, रंभाबाई, आधीच येऊन राहिल्या होत्या. कपाळावर बुक्का, हातात तुळशीची माळ आणि जीभ कात्रीसारखी. पहाटे काकडा म्हणून झाला की त्या पाट घेऊन तळ्याकाठी जपाला बसायच्या. रविवारीही बसल्या, नेमक्या वाळत घातलेल्या लव्हाळीवर.

भैय्याजी रॉकेलचा डबा घेऊन उभे. "ठवकर, आत्याबाईले उठवा गा."

"आत्याबाई, उठा. इथं आता आग लावाची हाय."

"काहून?"

"मच्छर पैदा होते ना त्याच्यात!"

"असं?" रंभाबाईंनी माळ थांबवली नाही. "मी चार दिवसापासून इथं बसून राहिली. इथं एखाददुसरा चावते. तुह्या ओसरीत बसली तर फोडून खाते. मंग मच्छर इथले का तुह्या घरचे?"

"आत्याबाई, हे शहर हाय. तुम्हाले नाही समजत."

"नाही समजत, बाप्पा. पण दिसते तर सही. ते पाह्य." त्यांनी माळेच्या हातानेच दाखवलं. पाणकणसाच्या टोकावर एक लाल चतुर बसला होता. तो सुटला, हवेत काहीतरी टिपलं आणि पुन्हा त्याच टोकावर येऊन बसला. खाली चिखलातून एक जांभळी पाणकोंबडी लांब बोटं टाकत निघाली. तिच्यामागे काळ्या कापसासारखी पिल्लं. माणसं पाहिली तशी ती सगळी गवतात दडली. "कीर्तनाच्या आधी तुम्ही लोक एकमेकाले बुक्का लावता, पाया पडता. कोणाच्या पाया पडता?"

"आतल्या देवाच्या."

"मंग हिच्या आत कोण हाय? तिच्या लेकरायले जाळून त्याच राखेवर सतरंजी टाकशीन, अन् बुवाले म्हणशीन, आता जीवदया सांगा?"

भैय्याजी चिडले. "आत्याबाई, परवचन मंग करा. हवा सुटली तर आमचा मांडव जळन."

"म्हणून तर बादल्या भरून ठेवा म्हटलं होतं मी," मारोतरावांनीही वैताग भैय्याजींवरच काढला. मांडवाच्या बाजूला आग सरकली तर पाणी हवं, आणि तळ्याच्या काठाला बादली बुडेल एवढं खोल पाणी नव्हतं. एकाला ते साधं काम जमलं नव्हतं! ते तावातावाने घरी आले. नळ गेलेला. हौद रिकामा. मग आठवलं, खिडकीतला कूलर. उन्हाळा सरला तरी तो कोणी उतरवला नव्हता. पावसाने त्याची टाकी काठोकाठ भरली होती. त्यांनी बाजूची खसाची, म्हणजे वाळ्याची ताटी ओढली आणि बादली आत खुपसली.

ताटीमागून डासांचा ढग उठला. नाकात, कानात, तोंडात! खोकत, हात झाडत ते मागे सरले. बादलीत पाहिलं, तर पाणी स्थिर राहायला तयार नव्हतं. डासांच्या अळ्यांनी सगळं वळवळत होतं. शेजारच्या खिडकीत कूलर, त्याच्या पलीकडच्या खिडकीत कूलर, भैय्याजींकडे तर दोन. बारा महिने आपण ज्या खिडकीखाली उशी ठेवतो, तिथेच ही पैदास!

ते बादली तशीच घेऊन काठावर आले.

"आणलं पाणी?" भैय्याजींनी काडी काढली.

मारोतरावांनी बादली काठाच्या उथळ पाण्यात, पाणकणसाच्या मुळाशी ओतली. क्षणभर पाणी वळवळलं. मग बोटाएवढ्या मासोळ्या कुठून कुठून धावून आल्या आणि खळबळ उडाली. बघता बघता पाणी शांत झालं.

"हे कुठलं होतं?" भैय्याजींनी विचारलं.

"माह्या कूलरमधलं. तुमच्या दोन्हीतही हेच असन. दोन वर्षं आपण यायलेच जाळलं, भैय्याजी. जे आपलं काम करून राहिले, त्यायलेच." "ठेवा ती काडी खिशात."

"अन् सप्ताह?"

"सप्ताहाच्या आधी टाक्या ओताव लागन. घरोघरी."

तो आठवडा मारोतराव कचेरीतून आले की दारोदार फिरले. कोणी हसलं, कोणी म्हणालं खसाची ताटी तुटेल, कोणी दारच उघडलं नाही. त्यांनी स्वतः शिडी लावून टाक्या उलट्या केल्या, ताट्या उन्हात टाकल्या. भैय्याजी शिडी धरत धरत कुरकुरले, "ठवकर, मच्छर परवडले, तुम्ही नाही परवडत."

डास सगळे गेले का? नाही गेले. दार न उघडणारी घरं होतीच ना! पण सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी आरतीला सतरंजीवर जागा नव्हती. कथा भरात असताना पाणकणसातून पाणकोंबडी ओरडली. बुवांनी चिपळ्या थांबवल्या, तिचं होऊ दिलं, आणि पुढचं पद उचललं. मारोतराव दोन्ही हात जोडून बसले होते. डोळे पुसायलाही त्यांनी ते सोडले नाहीत.

मंडळी, आपला त्रास दुसऱ्याच्या दारात जन्मतो असं मानलं की हातात काडी यायला वेळ लागत नाही, कारण मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही. चतुर, मासोळी, पाणकोंबडी आपल्याकडे काही मागत नाहीत. आपली वस्ती मात्र राखतात. म्हणून गवताकडे बोट दाखवण्याआधी प्रत्येकाने आपली खिडकी उघडून आपल्या टाकीत वाकून पाहावं. ते पाणी ओतायला अर्धा तास लागतो. जाळलेलं घरटं भरून द्यायला माणसाकडे काहीच नाही.